आईला डॉक्टरऐवजी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर मिळाल्या आहेत: नावापुढच्या अक्षरांचा अर्थ काय आणि त्यांची पात्रता कशी पडताळावी?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आम्ही गेली अकरा वर्षे टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. माझी आई, वय ७१, मूळची सांगलीची, ग्रीन कार्डावर कायमची इकडे आली त्याला नुकतीच पाच वर्षे पूर्ण झाली आणि त्यामुळे यंदा तिला हप्ता भरून मेडिकेअर (वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) घेता आले. तिला सोळा वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाब आहे, आणि उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया फार लांबवता येणार नाही अशी चिन्हे आहेत.

जवळच्या एका क्लिनिकमध्ये वेळ मागितली तेव्हा फोनवरच्या बाईंनी ‘प्रोव्हायडर’ तीन आठवड्यांनी भेटतील असे सांगितले आणि आम्ही त्याचा अर्थ डॉक्टर असा धरून चाललो. प्रत्यक्षात ज्या बाई तपासायला आल्या त्यांच्या कोटावर नावापुढे ‘एमएसएन, एपीआरएन, एफएनपी-सी’ अशी अक्षरे शिवलेली होती. त्यांनी स्वतःच ‘मी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर आहे’ अशी ओळख करून दिली, त्यामुळे लपवाछपवीचा आरोप मी त्यांच्यावर करणार नाही. माझी तक्रार असलीच तर ती फोनवरच्या त्या एका शब्दाबद्दल आहे.

तपासणीबद्दल मात्र मला बोट ठेवायला जागा सापडली नाही. आईने कापडी पिशवीतून सांगलीच्या डॉक्टरांची फाइल काढली, तेव्हा त्यांनी ती पहिल्या पानापासून चाळली. आईला चपला आणि मोजे काढायला सांगून त्यांनी नायलॉनच्या एका ताठ धाग्याने दोन्ही तळपायांना ठिकठिकाणी स्पर्श केला आणि डोळे मिटून ‘लागले की सांगा’ असे सांगितले; डाव्या अंगठ्याखाली आईला काहीच कळले नाही, हे आम्हाला त्या दिवशी प्रथमच समजले. ‘जेवण कधी चुकते का’ या प्रश्नावर आईने सोमवार आणि चतुर्थीचे उपवास सांगितले, आणि त्या दिवशी दुपारी हातपाय थरथरून घाम फुटतो हेही सांगितले. ती भारतातून आणत असलेली, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी त्यांनी बंद केली, मेटफॉर्मिन वेगळे लिहून दिले आणि ग्लिमेपिराइडची मात्रा निम्मी केली. या सगळ्याला चाळीस मिनिटे लागली.

गाडीत बसल्यावर आई म्हणाली, ‘‘बाई मायेने बघते, पण तू म्हणतोस ती डॉक्टर नाही. मग तिने गोळी बदलली कशी?’’ या प्रश्नाचे नीट उत्तर मला देता आले नाही. या अक्षरांमागे नेमके किती आणि कोणते शिक्षण असते, ते खरे आहे की नाही हे घरबसल्या कसे तपासायचे, आणि आईसारख्या रुग्णाने डॉक्टरचाच आग्रह धरावा का, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास उपकार होतील.

रात्रपाळी

मी स्वतः टेक्ससमध्ये फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर म्हणून काम करते, त्यामुळे माझे म्हणणे एका पक्षाचे आहे असे समजूनच वाचावे. मी मिरजेला बी.एस्सी. नर्सिंग केले, इकडे येऊन एनक्लेक्स-आरएन ही नोंदणीकृत नर्स (आरएन) होण्याची परीक्षा दिली, आठ वर्षे वॉर्डात बहुतेक रात्रपाळ्याच केल्या आणि मग नोकरी सांभाळून पदव्युत्तर शिक्षण घेतले.

कोटावरची अक्षरे ज्या क्रमाने लिहितात त्यालाही अर्थ आहे. आधी सर्वोच्च पदवी, मग राज्याचा परवाना आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र असा तो क्रम असतो. एमएसएन म्हणजे नर्सिंगमधली मास्टर्स. काही जणींकडे त्याऐवजी डीएनपी ही डॉक्टरेट असते, परंतु त्यामुळे औषधे लिहिण्याचे अधिकार वाढत नाहीत. एपीआरएन हा राज्याच्या नर्सिंग बोर्डाने दिलेला प्रगत परवाना आहे आणि त्याखाली चार वेगवेगळ्या भूमिका येतात: नर्स प्रॅक्टिशनर, प्रसूती पाहणाऱ्या नर्स मिडवाइफ, भूल देणाऱ्या नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट आणि क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट. म्हणून नुसत्या ‘एपीआरएन’वरून ती व्यक्ती काय करते हे कळत नाही.

‘एफएनपी-सी’मधला शेवटचा ‘सी’ सांगतो की त्यांनी अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ नर्स प्रॅक्टिशनर्स सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा दिली आहे. दुसऱ्या कुणाच्या नावापुढे ‘एफएनपी-बीसी’ दिसले तर ती परीक्षा अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शियलिंग सेंटरची असते. दोन्ही प्रमाणपत्रे राज्ये सारखीच मानतात. ‘बीसी’ वरचे आणि ‘सी’ खालचे असा समज आपल्या लोकांत दिसतो, त्याला काही आधार नाही. मी दिलेल्या परीक्षेत १५० प्रश्न होते, त्यांतले १३५ गुणांसाठी धरले जातात आणि उरलेले पुढच्या परीक्षांसाठी चाचपून पाहिलेले असतात. वेळ तीन तास. प्रमाणपत्र पाच वर्षे चालते. त्या अवधीत किमान १,००० तास प्रत्यक्ष काम आणि १०० तास निरंतर शिक्षण, त्यांतले २५ तास औषधशास्त्राचे, एवढे दाखवले तर नूतनीकरण होते, नाहीतर परीक्षेला पुन्हा बसावे लागते. राज्याचा परवाना दर दोन वर्षांनी वेगळा नूतनीकरण करावा लागतो आणि त्याचे तास वेगळे मोजतात.

आता ‘फॅमिली’ या शब्दाकडे या, कारण रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शब्द हाच आहे आणि लोक नेमका तोच वगळून वाचतात. नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण एका ठरावीक वयोगटासाठी आणि प्रकारच्या रुग्णांसाठी होते: नुसती मुले, नुसते प्रौढ व वृद्ध, स्त्रियांचे आरोग्य, मानसिक आजार, वगैरे. फॅमिली म्हणजे तान्ह्या बाळापासून वृद्धांपर्यंत सर्व वयांचे, परंतु प्राथमिक सेवेतले रुग्ण. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, लसीकरण, खोकला, लघवीचा जंतुसंसर्ग हा आमचा रोजचा धंदा आहे. अतिदक्षता विभागातला व्हेंटिलेटरवरचा रुग्ण हा आमच्या शिक्षणाचा भाग नव्हे. त्यासाठी अ‍ॅक्यूट केअरचे वेगळे प्रमाणपत्र असते. म्हणजे तुमच्या आईंच्या मधुमेहासाठी ‘फॅमिली’ हे लेबल अगदी योग्य आहे, आणि उद्या हेच लेबल एखाद्या हृदयविकाराच्या अतिदक्षता कक्षात दिसले तर मात्र चौकशी करावी.

गोळी बदलली कशी, या आईंच्या प्रश्नाचे उत्तर राज्यागणिक बदलते. अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरशी कोणताही करार न करता निदान करू शकतात आणि औषधे लिहू शकतात, मात्र त्यांतल्या काही राज्यांत आधी ठरावीक काळ काम करावे लागते. टेक्सस त्यांत येत नाही. इथे डॉक्टर आपला औषध लिहिण्याचा अधिकार आमच्याकडे लेखी कराराने सोपवतो. त्या करारात कोणत्या प्रकारची औषधे लिहायची, अडल्यास संपर्क कसा करायचा, केसपेपर किती तपासायचे हे लिहिलेले असते. दरमहा बैठक घ्यावी लागते आणि वर्षातून एकदा करार पुन्हा पाहून त्यावर सह्या कराव्या लागतात. एक डॉक्टर पूर्णवेळ धरून सात जणांपर्यंतच असा अधिकार देऊ शकतो, काही अपवाद सोडून. माझ्या प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर माझ्या नावाबरोबर त्या डॉक्टरचेही नाव, पत्ता आणि फोन असतो. तुमच्याकडचा कागद पाहा, तिथे दुसरे नाव सापडेल.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा उल्लेख आहे म्हणून एक गोष्ट आताच सांगून ठेवते. हायड्रोकोडोनसारख्या तीव्र वेदनाशामक गोळ्या २०१४ पासून केंद्र सरकारच्या नियंत्रित औषधांच्या दुसऱ्या, म्हणजे अधिक कडक, यादीत आहेत. टेक्ससमध्ये आम्ही त्या यादीतली औषधे रुग्णालयात दाखल किंवा आपत्कालीन कक्षातल्या रुग्णांना आणि हॉस्पिसमधल्या (आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या) रुग्णांना सोडून लिहू शकत नाही. त्यामुळे घरी आल्यावर त्या गोळ्या संपल्या तर क्लिनिकमधल्या बाईंना फोन करून उपयोग होणार नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडेच मागाव्या लागतील. शुक्रवारी संध्याकाळी हे कळण्यापेक्षा आधी ठाऊक असलेले बरे.

पडताळणी अगदी सोपी आणि फुकट आहे. टेक्सस बोर्ड ऑफ नर्सिंगच्या संकेतस्थळावर किंवा ‘नर्सिस’ या राष्ट्रीय नोंदणीवर नाव घाला. तिथे दोन परवाने दिसले पाहिजेत, आरएन आणि एपीआरएन. एपीआरएनखाली भूमिका आणि ‘फॅमिली’ हा गट लिहिलेला असतो, परवाना चालू आहे की नाही हे दिसते, आणि बोर्डाने शिस्तभंगाची कारवाई केली असल्यास तिचीही नोंद सापडते. राष्ट्रीय प्रमाणपत्र ज्या संस्थेने दिले तिच्याकडे वेगळे तपासता येते. पुष्कळ लोक दहा आकडी एनपीआय क्रमांक शोधतात आणि तो सापडला की निश्चिंत होतात. तो क्रमांक बिलांसाठीचा ओळखक्रमांक आहे. तो मिळाला म्हणजे परवाना चालू आहे असे सिद्ध होत नाही.

कृष्णाकाठ

ताई, इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. प्रिस्क्रिप्शन काढून पाहिले आणि खाली खरोखरच एका डॉक्टरांचे नाव आहे. आम्ही ते क्लिनिकच्या मालकाचे असावे असे समजत होतो. शिक्षणाचे तास डॉक्टरांच्या तुलनेत किती, हा प्रश्न मात्र मनात अजून आहे, आणि तो आपल्यालाच विचारणे थोडे अवघड वाटते.

वाळवंटी_वैद्य

तो प्रश्न मी उचलतो. मी अ‍ॅरिझोनात इंटर्नल मेडिसिनचा डॉक्टर आहे. आमच्या राज्यात नर्स प्रॅक्टिशनरला कोणत्याही डॉक्टरशी करार लागत नाही. माझ्या रस्त्यावरच दोघींनी मिळून स्वतःचे क्लिनिक चालवले आहे आणि त्यांचे रुग्ण माझ्याकडे पुढच्या तपासणीसाठी येतात.

आकडे सरळ सांगतो. नर्स प्रॅक्टिशनरच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान तास बरीच वर्षे ५०० होते. २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय निकषांनी ते ७५० केले. फॅमिली मेडिसिनचा डॉक्टर चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण आणि तीन वर्षांची रेसिडेन्सी (रुग्णालयातले प्रत्यक्ष प्रशिक्षण) करतो, आणि त्याचे तास दहा हजारांच्या वर जातात. ‘रात्रपाळी’ यांची वॉर्डातली आठ वर्षे या हिशेबात धरलेली नाहीत आणि ती धरायला हवीत असे माझे मत आहे, कारण बिघडू लागलेला रुग्ण नजरेने ओळखणे तिथेच शिकायला मिळते. परंतु ती आठ वर्षे अनिवार्य नाहीत. नर्सिंगची पदवी घेतल्या घेतल्या मास्टर्सला प्रवेश देणारे आणि सिद्धान्ताचा भाग पूर्णपणे ऑनलाइन शिकवणारे अभ्यासक्रम आहेत, आणि काही ठिकाणी प्रशिक्षण देणारा डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर विद्यार्थ्यालाच हुडकावा लागतो. म्हणून त्याच तीन अक्षरांमागे दोन अगदी भिन्न माणसे असू शकतात. ‘तुम्ही नर्स म्हणून कुठे आणि किती वर्षे काम केले’ हा प्रश्न विचारण्यात मला काहीही उद्धटपणा दिसत नाही. मला तो कोणी विचारला तर मी आनंदाने उत्तर देतो.

संशोधनाचा दाखला दोन्ही बाजू देतात, तेव्हा तो नीट पाहावा. २००० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात न्यूयॉर्कमधली एक यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध झाली. १,३१६ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे नर्स प्रॅक्टिशनर आणि डॉक्टर यांच्यात वाटले गेले आणि सहा महिन्यांनी दोन्ही गटांची प्रकृती जवळजवळ सारखी आढळली. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्याचा कलही तसाच आहे, शिवाय नर्सकडच्या भेटी अधिक वेळ चालतात आणि रुग्ण अधिक समाधानी असतात असेही त्यात दिसते; आपल्या आईंची चाळीस मिनिटे त्याच्याशी जुळतात. परंतु सहा महिने हा मधुमेहासारख्या आजारात फार थोडा काळ आहे. दुसरीकडे, माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या आपत्कालीन कक्षांवरच्या २०२२ च्या एका अभ्यासात नर्स प्रॅक्टिशनरकडे गेलेल्या रुग्णांना अधिक वेळ थांबावे लागले आणि खर्चही अधिक झाला, आणि तो फरक गुंतागुंतीच्या रुग्णांत मोठा होता. आपत्कालीन कक्ष आणि प्राथमिक क्लिनिक यांची तुलना करता येत नाही, तरीही गुंतागुंत वाढली की फरक वाढतो ही गोष्ट माझ्या अनुभवाशी जुळते.

मी स्वतः माणूस कसा पारखतो हे सांगू का? त्यांनी लिहिलेल्या पत्रावरून. रुग्ण माझ्याकडे पाठवताना काहींच्या पत्रात ‘थकवा, कृपया पाहावे’ एवढेच असते. त्या दोघींपैकी एकीच्या पत्रात मात्र आधी काय तपासले, काय वगळले, कोणती शंका उरली आणि ती का उरली, हे सहा ओळींत असते, आणि अशी पत्रे मला काही डॉक्टरांकडूनही मिळत नाहीत. आपल्या आईंच्या तळपायाला संवेदना कमी झाल्याचे आढळल्यावर त्या बाईंनी पुढे काय केले? पायांच्या तज्ज्ञाकडे, डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीसाठी आणि लघवीतल्या प्रथिनांच्या चाचणीसाठी पाठवले असेल, तर मी त्यांना बदलणार नाही. ग्लिमेपिराइडबद्दलही त्या योग्य मार्गावर आहेत. त्या गटातल्या गोळ्या वृद्धांत साखर एकदम उतरवतात म्हणून वृद्धांसाठी धोक्याच्या औषधांच्या २०२३ च्या बीअर्स यादीने त्या शक्यतो टाळायला सांगितल्या आहेत. उपवासाच्या दिवशी ती गोळी घ्यायची की नाही, हे मात्र त्यांना स्पष्ट विचारून लिहून घ्या.

साखर तीन-चार महिन्यांत आटोक्यात आली नाही, मूत्रपिंडाचा अहवाल बिघडला, किंवा शस्त्रक्रियेची तारीख ठरली, तर एक भेट डॉक्टरांशी मागावी. ती मागितल्याने कोणाचा अपमान होत नाही.

हिशेबनीस

वैद्यकीय बाबतीत मी अडाणी आहे, पण मेडिकेअरच्या कागदांत माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून त्या बाजूने लिहितो.

नर्स प्रॅक्टिशनरने स्वतःच्या नावाने बिल लावले तर मेडिकेअर डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्केच मान्य करते. १९९७ च्या कायद्याने हे ठरले आणि १९९८ पासून ते लागू आहे. तुमचा २० टक्क्यांचा वाटा मान्य रकमेवर निघत असल्याने तोही थोडा कमी येतो. तेच बिल डॉक्टरच्या नावाने शंभर टक्क्यांनी लावण्याची एक वाट आहे, पण तिच्यासाठी डॉक्टरने आधी स्वतः रुग्ण पाहून उपचार ठरवलेले असले पाहिजेत आणि त्याची देखरेखही असली पाहिजे. नवीन रुग्णाच्या पहिल्या भेटीला ती वाट बंद आहे. म्हणून मेडिकेअरचे तपशीलपत्रक आले की त्यावर कोणाचे नाव आहे ते पाहा; ज्या डॉक्टरांना आईंनी कधी पाहिलेही नाही त्यांचे नाव पहिल्याच भेटीसमोर असेल, तर क्लिनिकला फोन करून खुलासा मागावा.

कोणत्या कागदावर नर्स प्रॅक्टिशनरची सही चालते आणि कोणत्यावर नाही, याने आपली मंडळी फार फसतात. घरी नर्स किंवा फिजिओथेरपी पाठवण्याचा आदेश २०२० पासून त्या देऊ शकतात. आईंच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तुम्हाला नोकरीतून कौटुंबिक वैद्यकीय रजा लागली, तर तिच्या प्रमाणपत्रावर त्यांची सही चालते. मधुमेही रुग्णांच्या खास बुटांसाठी मात्र मेडिकेअरला एमडी किंवा डीओ (इकडच्या डॉक्टरांच्या दोन पदव्या) यांचे प्रमाणपत्र लागते, आणि तळपायाची संवेदना गेल्याचे तुम्ही लिहिले आहे म्हणून हा मुद्दा तुम्हाला लवकरच भेटेल.

सर्वांत महाग पडणारी चूक नागरिकत्वाच्या अर्जात होते. ज्या वृद्धांना विस्मरणामुळे किंवा अन्य आजारामुळे इंग्रजी आणि नागरिकशास्त्राची परीक्षा देणे शक्य नसते, त्यांच्यासाठी एन-६४८ नावाचा अर्ज असतो, आणि त्यावर एमडी, डीओ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांचीच सही मान्य होते. माझ्या मावशींचा अर्ज त्यांना वर्षानुवर्षे पाहणाऱ्या, आजाराची खडान्‌खडा माहिती असलेल्या नर्स प्रॅक्टिशनरने अतिशय उत्तम भरला होता आणि तो त्या एका सहीवरून नामंजूर झाला. नवीन डॉक्टर शोधणे, त्यांना सगळा इतिहास पहिल्यापासून सांगणे आणि पुन्हा अर्ज करणे यात सात महिने गेले.

सावित्रीची_लेक

मी महाराष्ट्रात नर्सिंग महाविद्यालयात शिकवते. इथले विद्यार्थी हा धागा वाचतात असे दिसते, म्हणून थोडक्यात लिहिते.

आपल्याकडे अमेरिकेतल्या फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरला तंतोतंत समांतर असे पद नाही. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम काढला आहे आणि प्रसूतीसाठी नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ तयार केल्या जात आहेत. दोन्ही प्राथमिक सेवेचे नाहीत. कामाच्या दृष्टीने सर्वांत जवळचे पद म्हणजे उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी. सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन ते रक्तदाब व मधुमेहाची तपासणी करतात आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेली औषधे पुढे चालू ठेवतात. महाराष्ट्रात त्यांत बीएएमएस झालेले पुष्कळ आहेत, त्यामुळे गावातले लोक त्यांना सरसकट ‘डॉक्टर’च म्हणतात आणि आईंचा गोंधळ इथेही रोज होतो. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२ व्या कलमात अशा सेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे, आणि तिच्याविरुद्ध डॉक्टरांच्या संघटना त्या वर्षी रस्त्यावर उतरल्या होत्या.

ज्या मुली मला ‘मॅडम, इथे एम.एस्सी. करून तिकडे एफएनपी होता येईल का’ असे विचारतात, त्यांच्यासाठी उत्तर असे की थेट होता येत नाही. इथल्या पदवीवर एनक्लेक्स-आरएन देऊन नोंदणीकृत नर्स होता येते. त्यापुढे मान्यताप्राप्त अमेरिकन अभ्यासक्रम आणि तिथले प्रत्यक्ष तास पूर्ण करावेच लागतात. एजंट काहीही सांगोत.

रात्रपाळी

‘वाळवंटी_वैद्य’ यांनी तासांबद्दल लिहिलेले खरे आहे आणि ते एका नर्स प्रॅक्टिशनरनेही मान्य केलेले इथे नोंदले जावे असे मला वाटते. माझ्याबरोबर शिकणाऱ्यांत एक मुलगी होती जिने वॉर्डात एक वर्षही काढले नव्हते. ती परीक्षेत माझ्याहून हुशार निघाली, पण पहिल्या वर्षी तिला करारातल्या डॉक्टरांना दिवसातून पाच-सहा वेळा विचारावे लागे, आणि ती विचारत असे. न विचारणाऱ्यांची मला भीती वाटते.

इतिहासाचे एक वाक्य, कारण आमच्या व्यवसायाची कल्पना विमा कंपन्यांनी पैसे वाचवण्यासाठी काढली असे पुष्कळांना वाटते. १९६५ साली कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही सार्वजनिक आरोग्यातली नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तो जिथे मुलांना तपासायला डॉक्टरच नव्हते अशा भागांसाठी.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट: आई सांगलीला गेल्यावर तिथून व्हिडिओवर आमची भेट घेता येईल असे समजू नका. परवाना रुग्ण जिथे बसलेला असतो तिथला लागतो. आरएनचा परवाना राज्यांच्या आपसातल्या करारात सामील झालेल्या अनेक राज्यांत चालतो, एपीआरएनचा तसा चालत नाही, मग भारत तर दूरच. जाण्यापूर्वी औषधांची यादी, शेवटचे अहवाल आणि बदललेल्या मात्रेमागचे कारण असा एक कागद मागून घ्या आणि तिथल्या डॉक्टरांना दाखवा. नाहीतर परत येताना पिशवीत जुनीच एकत्र गोळी असेल.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार मानून काय काय केले ते लिहितो, म्हणजे पुढे कोणाला उपयोगी पडेल.

बोर्डाच्या संकेतस्थळावर दोन्ही परवाने सापडले, दोन्ही चालू आहेत, गट ‘फॅमिली’ आहे आणि शिस्तभंगाची कोणतीही नोंद नाही. क्लिनिकला फोन करून मी बाईंच्या नर्सिंगच्या अनुभवाबद्दल विचारले, तेव्हा स्वागतकक्षातल्या मुलीला ते सांगता येईना. दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः उलट फोन केला आणि आपण बारा वर्षे रुग्णालयात, त्यांतली बरीचशी मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या वॉर्डात, काढल्याचे सांगितले. डोळ्यांच्या आणि पायांच्या तज्ज्ञांकडे पाठवण्याचे पत्र त्यांनी पहिल्याच दिवशी दिले होते, ते आईच्या फाइलमध्ये शेवटच्या कप्प्यात होते आणि मी वाचलेच नव्हते. बुटांचे प्रमाणपत्र करारातले डॉक्टर एका भेटीनंतर देतील, त्यामुळे ती भेट आणि शस्त्रक्रियेबद्दलचे बोलणे एकाच दिवशी ठरवले आहे.

उपवासाच्या दिवशी ग्लिमेपिराइड घ्यायची नाही आणि मेटफॉर्मिन जे काही खाल्ले जाईल त्याबरोबर घ्यायचे, हे त्यांनी कागदावर लिहून दिले. तो कागद मी मराठीत करून फ्रिजवर लावला आहे. डॉक्टरांची वेळ मंगळवारची मिळाली होती. त्या दिवशी अंगारकी येते म्हणून आईने ती गुरुवारवर ढकलायला लावली.